तुमचे प्रश्न: रिमोटची विमानं, फुगलेल्या बॅटऱ्या आणि उसात हरवलेलं मॉडेल

मागच्या अंकात आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, विमानांवर छोटी चौकट आली होती, त्यावर इतके प्रश्न आलेत की हे पूर्ण सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. सारखे असलेले प्रश्न एकत्र केलेत.

माझा मुलगा सातवीत आहे. दुकानदाराने फायटर जेटसारखं दिसणारं रेडी विमान दाखवलं, पोराला तेच हवंय. घ्यावं का? सुरुवातीला खर्च किती येतो? — एक पालक, सांगली

जेट नको दादा, प्लीज. दिसायला भारी असतं पण ते वेगात उडायला बनवलेलं असतं, वेग कमी झाला की खाली येतं, आणि नवीन माणसाच्या हातात वेग कमी होतोच. पहिलं विमान हाय-विंग ट्रेनर घ्या, म्हणजे पंख बॉडीच्या वर बसवलेला आणि पंखाची दोन्ही टोकं थोडी वर उचललेली. असं विमान कलंडलं तरी स्टिक सोडली की आपोआप सरळ व्हायला बघतं. पंखाचा पसारा एक मीटरच्या आसपास, फोमचं, तीन चॅनेल म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची झडप), रडर (डावी-उजवीकडे वळवणारी झडप), बास झालं. फोम तुटला तर संध्याकाळी चिकटवून सकाळी परत मैदानावर जाता येतं, बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाचं, तुटलं की पोरगं आठवडाभर हिरमुसतं.

खर्च म्हणाल तर चांगला ट्रान्समीटर (हातातला रिमोट), मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटर), बॅटरी, चार्जर सगळं धरून दहा-बारा हजार तरी बाजूला ठेवा. पण सगळं एकदम घेऊ नका, आधी फक्त ट्रान्समीटर घ्या. तो पुढची चार विमानं बदलली तरी तोच राहतो. त्याला यूएसबी केबल किंवा डोंगल लावून कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालतो, पिकासिमसारखा तर फुकट मिळतो. महिनाभर पोराला त्यावर पाडू दे हवी तेवढी विमानं. तिथे सलग पाच लँडिंग नीट जमली की मग विमानाचे पैसे काढा. आणि पहिल्या दिवशी शेजारी विमान उडवता येणारा माणूस उभा पाहिजे, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बरेच जण ऐकत नाहीत.

विमान लांब जाताना नीट जातं पण माझ्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि गोंधळ उडतो. — एक डॉक्टर ताई, नागपूर

सगळ्यांचं होतं ताई. एकच गोष्ट डोक्यात ठेवा: विमान अंगावर येतंय आणि एक पंख खाली झुकलाय, तर स्टिक त्याच झुकलेल्या पंखाच्या बाजूला ढकला. डावं की उजवं हा विचारच करायचा नाही, जो पंख खाली त्याच्याखाली स्टिकचा टेकू. सिम्युलेटरवर हे एवढंच घोटा, हाताला आपोआप येईल.

मी आणि माझ्या मित्राने सनपॅक शीटचं (पोकळ प्लास्टिक शीट) विमान बनवलं, २२१२ ची १००० केव्ही मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, ३एस २२०० ची (तीन सेलची, २२०० एमएएच) बॅटरी. हातातून सोडलं की नाक वर करतं, हवेत थांबल्यासारखं होतं आणि एका बाजूला कलंडून आपटतं. तीनदा झालं. मोटर कमी पडते का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

नाही रे, मोटर बदलू नको. ही मोटर योग्य प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) ८०० ग्रॅमच्या आसपास ओढते, सनपॅक जड असलं तरी तुमचं विमान किलोच्या आत असेल तर ते उडायलाच पाहिजे. तू लिहिलंयस ते वाचून पहिला संशय सीजीवर जातो, म्हणजे विमानाचा तोल. शेपूट जड झालीय. शेपूट जड असलं की नाक वर जातं, वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि ज्या बाजूची आधी सुटली त्या बाजूला विमान पडतं. तुला वाटतं ताकद कमी पडली, पण ताकद वाढवलीस तर फक्त जास्त उंचावरून पडेल.

आता असं कर. पंखाची रुंदी मोज, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. समज २० सेंटीमीटर आहे. तोल त्याच्या २५ ते ३० टक्क्यांवर पाहिजे, म्हणजे पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर. दोन्ही बाजूला पंखाच्या खालून तिथे मार्करने खूण कर. मग बॅटरी, प्रॉप, सगळं जागेवर बसवून, अगदी उडवायच्या अवस्थेत, दोन बोटांवर त्या खुणांवर विमान उचल. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकव. तेवढ्याने नाही भागलं तरच नाकात वजन टाक, कारण ३एस २२०० बॅटरी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि ती दोन सेंटीमीटर सरकली तरी खूप फरक पडतो. नाक थोडं जड असलेलं विमान सुस्त उडतं, पण घरी येतं. शेपूट जड असलेलं बहुतेक वेळा येत नाही.

सीजी झाल्यावर हे पण बघ, कारण पोरं इथेच घाई करतात. विमानाच्या मागे उभा राहा आणि स्टिक स्वतःकडे ओढ, एलिव्हेटर वर उचललं गेलं पाहिजे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) असतील तर स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. उलटं असेल तर ट्रान्समीटरमधे चॅनेल रिव्हर्स कर. प्रॉप बघ, ज्या बाजूला आकडे छापलेत ती बाजू पुढे पाहिजे. उलटा बसवलेला प्रॉप फिरतो जोरात, वारा पण लागतो हाताला, पण ओढ बरीच कमी पडते, म्हणून बरेच जण यात फसतात. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल कर. मोटर बसवताना तिचं तोंड दोन-तीन अंश खाली आणि एक-दोन अंश उजवीकडे ठेव, म्हणजे थ्रॉटल दिला की नाक उसळत नाही. आणि हे सगळं टेबलावर तपासताना प्रॉप काढून ठेव, चालू मोटरच्या प्रॉपने बोट कापलं तर टाके पडतात.

सोडताना वाऱ्याच्या तोंडावर, समोर सपाट, वर फेकायचं नाही. एलिव्हेटरला ट्रिम (स्टिक न हलवता दिलेला कायमचा कल) दिलेला असेल तर तो शून्यावर आण. मला वाटतं सीजी बरोबर झाला की पहिल्याच फेकीत फरक कळेल, नक्की लिहून कळव.

दिवाळीनंतर विमान कपाटात ठेवलं होतं, मार्चमधे काढलं तर लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उशीसारखी फुगलेली. चार्ज करून एकदा बघू का? मित्र म्हणतो मिठाच्या पाण्यात टाक. — एक वाचक, नाशिक

चार्ज करू नका. अजिबात नाही. फुगली म्हणजे आतल्या सेलमधे गॅस झालाय, तिच्यात परत करंट ढकलणं म्हणजे घरात आग लावून घेणं. टोचायची पण नाही, दाबून सपाट पण करायची नाही.

मिठाच्या पाण्याचा उपाय खूप जण सांगतात पण मला तो पटत नाही, कारण मिठाच्या पाण्यात आधी कनेक्टर आणि टॅब (सेलच्या पट्ट्या) गंजून जातात आणि सेलमधला चार्ज तसाच राहू शकतो. त्यापेक्षा मोकळ्या जागेत, वाळूच्या बादलीत ठेवून, गाडीचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडून तिला हळूहळू पूर्ण उतरवा, लक्ष ठेवा, मग ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, तिथे कचरा दाबला जातो आणि गाडीतच पेट घेऊ शकते.

पुढच्या बॅटरीसाठी आता नीट ऐका. लायपोच्या एका सेलला पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेली की ती मेलीच समजा. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. तुमची बहुतेक फुल चार्ज करून कपाटात गेली, दिवाळीला उडवायचं राहून गेलं असेल, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही. बॅलन्स चार्जरवर (प्रत्येक सेल सारखा भरणारा चार्जर) स्टोरेज म्हणून मोड असतो, दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर तो लावायचा. चार्जिंगचा करंट १सी, म्हणजे २२०० ला २.२ अँपिअर. नेहमी बॅलन्सची पांढरी पिन लावून, फरशीवर, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नाही, आणि माणूस त्या खोलीत पाहिजे. रात्री लावून झोपायचं नाही.

अजून एक, उडवताना टायमर लावा. २२०० ची बॅटरी असेल तर साधारण ८० टक्के वापरायची, म्हणजे १७५० च्या आसपास. हे कळायला सोपं आहे, आठ मिनिटं उडवून परत चार्ज केल्यावर चार्जरने किती एमएएच भरले ते वाचा. १९०० भरले तर टायमर कमी करा, १४०० भरले तर थोडा वाढवा. मे महिन्यात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवून जेवायला जाऊ नका, एवढं केलंत तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं.

पुण्यात उडवायचं कुठे? परवानगी लागते का? ड्रोनचे नियम आम्हाला लागू आहेत का? — बऱ्याच जणांनी विचारलंय

हो, लागू आहेत. ड्रोन नियम २०२१ मधे मॉडेल विमानाची वेगळी व्याख्याच आहे: एकूण वजन २५ किलोच्या आत, फक्त शिक्षण, संशोधन, डिझाइन, टेस्टिंग किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. नियमाने सूट दिली नसेल तर नोंदणी करून यूआयएन, म्हणजे विमानाचा स्वतंत्र ओळख नंबर, घ्यावा लागतो. ग्रीन झोनमधे ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमधे २०० फुटांपर्यंत, त्याच्या आत यलो झोन आणि तिथे एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण) परवानगी. रेड झोनमधे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे 'आमच्या सोसायटीच्या मागचं मैदान' म्हणून चालत नाही, आधी सरकारी एअरस्पेस नकाशा उघडून जागा बघा. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोन, रिमोटची छोटी विमानं, पॅराग्लायडर सगळ्यावर बंदीचे आदेश काढतात, तिथे पोलीस स्टेशनला विचारल्याशिवाय नकोच.

खरं म्हणजे ४०० फूट लागत पण नाहीत. एक मीटरचं विमान तेवढ्या उंचीवर ठिपका दिसतं, येतंय की जातंय कळत नाही. शंभर-दीडशे फुटांवर मजा येते. शहराबाहेर पीक निघालेलं रान बघा, शेतमालकाला विचारा, वरून लाईटच्या तारा जात नाहीत ना बघा. वेळ सकाळची, ऊन तापायच्या आत. दुपारी एप्रिल-मे मधे वावटळी उठतात आणि घारी गरम हवेवर घिरट्या घालत असतात, घार विमानावर झेपावते कधीकधी, दिसली की खाली उतरवा. घारीला इजा झाली तर ते आपल्यामुळेच.

विमान उसात पडलं. दोन दिवस शोधलं, सापडेना. — शिरोळ

आधी शेतमालकाला सांगा, आजच. ऊस तोडायच्या आधी किंवा नंतर पाचट पेटवलं आणि आत लायपो असली तर भलतंच होईल. दोन दिवसांत बॅटरी उतरली असणार, त्यामुळे आवाजाची आशा नाही. जिथून उडवत होतात तिथे परत उभे राहा, विमान दिसेनासं झालं त्या दिशेला लांबचं झाड किंवा टॉवर धरा, बरोबर असलेल्याला त्याच्या जागेवरून तेच करायला लावा, दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथल्या सऱ्या धरून चाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पात कापते. ड्रोनवाला मित्र असेल आणि झोन ग्रीन असेल तर वरून फोटो काढा, पांढरा पंख हिरव्यात चटकन दिसतो.

पुढच्या वेळी पडलं की थ्रॉटल लगेच शून्य, ट्रान्समीटर चालू ठेवून स्टिक हलवत राहा, सर्व्होची किर्रकिर्र ऐकू येते. शंभर-दीडशे रुपयांचा बझर रिकाम्या चॅनेलला लावा, उसाच्या पट्ट्यात उडवणाऱ्याने तर लावलाच पाहिजे. पडताना डोळे त्या जागेवरून हलवायचे नाहीत.

कपाटात वडिलांच्या एनसीसी एअर विंगच्या काळातलं ग्लो इंजिन (मॉडेल विमानाचं छोटं इंजिन) सापडलं, फिरतच नाही. फेकू? — एक ताई, अकोला

फेकू नका हो! एरंडेल तेल असलेलं मिथेनॉलचं इंधन वापरायचे, ते तेल आत सुकून चिकटलंय, इंजिन खराब झालेलं नसेल. पक्कड लावून फिरवू नका. ग्लो प्लग काढा, हीट गनने किंवा हेअर ड्रायरने गरम करा, आत हलकं मशीन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने हळू हलवून बघा. वडील असतील तर त्यांच्याच हातात द्या, त्यांना माहीत असेल.

आमच्याकडे रत्नागिरीला चार महिने उडवता येत नाही. पावसाळ्यात विमान ठेवायचं कसं? — एक वाचक

फोमला काही होत नाही, गंजतात ते स्क्रू, मोटरचे बेअरिंग आणि कनेक्टर, त्यातून तुमच्याकडे खारी हवा. बॅटरी स्टोरेजला आणून वेगळी ठेवा, विमानात नाही. रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) आणि सर्व्हो काढता येत असतील तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. बाल्साचा पंख भिंतीला टेकवून ठेवू नका, दमट हवेत वाकतो, सपाट फळीवर आडवा ठेवा. जुलै-ऑगस्टमधे निवांत बसून सर्व्हो एकेक हाताने फिरवा, दात तुटले असतील तर अडकल्यासारखं लागतं. हिंज (झडपांच्या बिजागऱ्या) ओढून बघा. प्रॉपला चीर दिसली तर चिकटवायची नाही, टाकून द्यायचा. ऑक्टोबरमधे पहिल्या दिवशी ट्रान्समीटरचा रेंज टेस्ट मोड लावून तीस पावलं लांब जा, तिथून पण सगळे सर्व्हो न अडखळता हलले पाहिजेत. मग ट्रान्समीटर बंद करून बघा, मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद करणारी सोय) सेट केलेला नाही, तो सेट करून परत तपासा आणि मगच उडवा.