पोरी, ते आपलं गाव नाही

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय पोरी,

परवा तू पेढे घेऊन आलीस तेव्हा घरात माणसं होती, धड बोलता आलं नाही. मॉरिशसला एबेनमध्ये हिशेबाचं काम, दोन वर्षांचा करार, एवढंच कळलं. तुझी आई डोळे पुसत म्हणाली, "लांब आहे, पण तिथं आपलीच माणसं आहेत म्हणे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी तिथल्या एका साखर कारखान्यात बॉयलर उभारणीच्या कामावर तीन हंगाम काढले. विमानतळावरून निघालो आणि तासाभरात वाटलं, हे तर आपलंच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. गाड्या डावीकडून. खिशात रुपये. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी. महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतली माणसं कावड खांद्यावर घेऊन गंगा तलावाकडं मैलोन्‌मैल चालत जातात. जोतिबाच्या सासनकाठ्या बघत वाढलेल्या माणसाला भरून येणारच. सगळं बेट मिळून आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाएवढं.

आणि माझी चूक तिथंच झाली.

कारखान्यातल्या एका वयस्कर फिटरनं पहिल्या वर्षी गणपतीला घरी बोलावलं. त्याचा खापरपणजा कोकणातून गेलेला. मराठी बोलणं घरातून कधीच गेलं होतं, पण 'सुखकर्ता दुःखहर्ता' त्याला अख्खी पाठ. शब्द थोडे घासलेले, चाल वेगळी. मी काय केलं, तर आरती झाल्यावर सगळ्यांसमोर त्याचे उच्चार दुरुस्त केले. मला वाटलं, मदत करतोय. तो मान हलवत राहिला, प्रसाद दिला, गेटपर्यंत सोडायला आला. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

नंतर राजधानीत, पोर्ट लुईला, मजूर बोटीतून जिथं उतरायचे तो आप्रवासी घाट बघितला आणि मला माझीच लाज वाटली. 1834 पासून साधारण 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर मजूर म्हणून या बेटावर उतरली, बहुतेक आपल्या देशातून. गुलामगिरी 1835 मध्ये बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. आजही तिथल्या उसात मध्येच काळ्या दगडांचे ढिगारे दिसतील. ते रान साफ करताना माणसांनी हातानं वेचून रचलेले आहेत. इतकं सोसून, पुस्तक नाही, गुरुजी नाहीत, अशा अवस्थेत त्या फिटरच्या घरानं चार पिढ्या आरती सांभाळली होती. ती त्याची होती. मला ती तपासायचा काही अधिकार नव्हता.

म्हणून सांगतो, जिथं ओळखीचं वाटेल तिथं जास्त जपून राहा. ते स्वतःला मॉरिशसचे म्हणतात, तसंच आपण समजायचं. 12 मार्च 1968 ला त्यांचा देश स्वतंत्र झाला, त्या दिवसाचा त्यांना आपल्या पंधरा ऑगस्टइतकाच अभिमान. ऑफिसातली कागदपत्रं इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, पण माणसाच्या तोंडात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली त्यांची बोली. ती शीक. हिंदीवर भागेल, पण भागवून घेऊ नकोस. सकाळी 'की मान्येर' म्हणून विचारपूस केलीस की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. नैऋत्येच्या टोकाला ल मॉर्नचा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्या कड्यांवर लपून राहायचे. सुटकेची बातमी घेऊन आलेले शिपाई धरायला आलेत असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथले लोक सांगतात. आज त्याच पायथ्याशी मोठमोठी हॉटेलं आहेत, आणि गुलामांच्या वंशातल्या क्रिओल लोकांतले बरेच जण अजून हलाखीत आहेत. ऑफिसात, जेवणाच्या डब्यावर, आपल्यासारखीच नावं असलेली काही माणसं त्यांच्याबद्दल जे बोलतील ते तुला ओळखीचं वाटेल, कारण तसलं बोलणं आपल्याकडंही चालतं. त्यात 'हो' मिसळू नकोस. शाहू महाराजांनी 1902 मध्ये निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्या गावची तू आहेस.

कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेशातून आलेले मजूर भेटतील. आपल्याकडं बीडहून ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्या खोपी आठव. तुझा करार त्यांच्यापेक्षा बरा असेल, पण पासपोर्टच्या बाबतीत तुम्ही सारखेच. आमच्या ठेकेदारानं पहिल्याच दिवशी "जपून ठेवतो" म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट घेतले. वडील गेल्याची तार आली तेव्हा माझा पासपोर्ट हातात यायला दोन दिवस लागले. अंत्यविधीला पोहोचलो नाही. म्हणून तुझा पासपोर्ट तुझ्याच कपाटात राहील. कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी. कराराची सही झालेली प्रत आईकडं ठेवून जा. आठवड्याचे तास किती, जादा कामाचे पैसे कसे, डिसेंबरचा बोनस, परतीचं तिकीट कोणाचं, हे आत्ताच लिहून घे.

स्वेटर ने. जुलैत तिथं थंडी असते, आणि क्युरपीपच्या पठारावर तर पाऊस पाठ सोडत नाही. खाली पोर्ट लुईला त्याच दिवशी घाम निथळतो.

चक्रीवादळाचे इशारे एक ते चार असे असतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आपल्याला कसं तोंडपाठ असतं, तसं ते पाठ कर. एकला पाणी, मेणबत्त्या, सुकं खाणं भर. तीनला कामकाज बंद होतं, घरातच थांब. वारा मध्येच एकदम पडला तर वादळ संपलं असं समजून बाहेर जाऊ नकोस. तो वादळाचा डोळा असतो, पुढचा तडाखा उलट्या बाजूनं येतो.

2020 च्या ऑगस्टमध्ये प्रवाळाच्या कड्यावर रुतलेल्या वाकाशिओ जहाजातून तेल समुद्रात सुटलं, तेव्हा तिथल्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट भरलं आणि पाण्यावर त्याचे बांध घातले. आपण जे पाचट पेटवून देतो तेच. मी इथं टीव्हीसमोर बसून त्या गर्दीत माझा फिटर दिसतो का ते शोधत होतो. गेलीस की त्याची चौकशी कर. गावाचं नाव आणि कारखाना वेगळ्या कागदावर लिहिलाय. तो नसला तर त्याच्या घरचे असतील. गणपतीत जा, आणि आरती त्यांच्या चालीत म्हण.

आईला रोज फोन कर. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा दीड तास पुढं असतं. ती साडेनऊला झोपते, तेव्हा तुझ्याकडं आठच वाजलेले असतील.

तुझा,
काका