स्पेनच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला, स्वतः काही न जिंकलेला खेळाडू मोठ्या क्लबचा मॅनेजर कसा होतो? आणि स्टार खेळाडू त्याचं ऐकतात का?

‘स्वतः काही न जिंकलेला’ हे शब्द वाचले आणि उत्तर लिहायला घेतलं. आपल्याकडे फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की कोणीतरी हमखास विचारतो, ‘पण तो स्वतः कुठे खेळलाय?’ विचारणारा बहुतेक वेळा क्रिकेटवाला असतो आणि याचं उत्तर क्रिकेटमध्येच पडलेलं आहे. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेकडून. शिवाजी पार्कवर पोराला घेऊन आलेल्या कुठल्या बापाने त्यांची सरासरी विचारली नसेल. फुटबॉल आला की मात्र आपल्याला कोचचा गोलांचा हिशेब हवा असतो.

आता स्पॅनिश कोच उनाई एमेरी घ्या. जन्म 1971, गाव ओंदारिबिया, बास्क प्रांतात, फ्रान्सच्या सीमेला लागून. आजोबा गोलकीपर, वडील गोलकीपर. आजोबा इरुनच्या रेआल उनिओन क्लबकडून खेळायचे. 1929 मध्ये ला लिगा, म्हणजे स्पेनची पहिली डिव्हिजन, सुरू झाली तेव्हा स्पर्धेच्या इतिहासातला पहिला गोल त्यांच्याच जाळ्यात गेला. नातू डाव्या पायाचा मिडफिल्डर झाला. रेआल सोसिएदादच्या पहिल्या संघाकडून ला लिगात 5 सामने, 1 गोल, बस. मग तोलेदो, रासिंग फेरोल, लेगानेस असं करत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये 215 सामने आणि 2003 मध्ये थेट तिसऱ्या डिव्हिजनला, मुर्सिया प्रांतातल्या लोर्का देपोर्तिवामध्ये. क्लब जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झालेला.

तेव्हाची तिसरी डिव्हिजन म्हणजे सेगुंदा बे. 20-20 क्लबांचे 4 गट, म्हणजे 80 क्लब, आणि वर जाणार फक्त 4. डिसेंबर 2004 मध्ये लोर्काने कोचला काढलं. एमेरी तेव्हा 33 वर्षांचा, गुडघ्याने बेजार. क्लबने त्यालाच विचारलं, संघ सांभाळतोस का? तो हो म्हणाला आणि त्याचं खेळणं तिथेच थांबलं.

हे ऐकायला झकास वाटतं, पण असली नेमणूक बहुतेक ठिकाणी फसते, आणि ती का फसते यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. डिसेंबरात आलेल्या कोचला प्री-सीझन मिळत नाही. खेळाडूंच्या पायात जो दम असतो तो आधीच्या कोचने जुलै-ऑगस्टमध्ये भरलेला असतो. त्यामुळे आल्या आल्या ‘आता आपण सगळे पुढे जाऊन प्रेस करणार’ (म्हणजे समोरच्यावर त्याच्याच हाफमध्ये दबाव टाकणार) असं ठरवलं की साठाव्या मिनिटाला संघ बसतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात गोल खातो. नवखा कोच हेच करतो, कारण त्याला पहिल्याच आठवड्यात आपला शिक्का उमटवायचा असतो. जास्तीचा दम न लागता बदलता येतं ते वेगळंच असतं: कॉर्नर आणि फ्री-किकच्या जागा, चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोणी कुठे धावायचं, डिफेन्स आणि मिडफिल्डमधलं अंतर. हंगामाच्या मधोमध सुधारणा करायची तर ती इथेच होते.

दुसरी अडचण ड्रेसिंग रूमची. कालपर्यंत शेजारच्या हुकाला कपडे अडकवणाऱ्या मित्राला आज बेंचवर बसवायचं. अशा कोचकडून हटकून दोनपैकी एक चूक होते. एकतर तो दोस्तांना सांभाळत बसतो, नाहीतर आपण आता साहेब झालो हे दाखवायला पहिल्याच सामन्यात कॅप्टनला बाहेर काढतो. एमेरीला इथे त्याच्या मामुली कारकिर्दीचाच उपयोग झाला, असं माझं ठाम मत आहे. जो स्वतः कायम संघात असतो त्याला राखीव खेळाडूंचा राग कुठून येतो ते कळत नाही. जो कधी आत, कधी बाहेर असा असतो त्याला ते अंगावर आल्यासारखं कळतं. शिवाय या पातळीवर माणसंच मोजकी. आजच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्येही, म्हणजे प्रिमेरा फेदेरासिओनमध्ये, एका क्लबला मोजकेच खेळाडू नोंदवता येतात. दोघं जखमी, एकावर सामनाबंदी, की डाव्या बॅकला कोण हा प्रश्न उभा. पैसे टाकून तो सुटत नाही. मग उजव्या पायाच्या मिडफिल्डरला डावीकडे कसं उभं करायचं, त्याच्या बाजूने बॉल कमी कसा येईल, हे कागदावर मांडावं लागतं. मोठा खेळाडू कोच झाल्यावर सहसा मोठ्या क्लबात सुरुवात करतो, त्याला हा अभ्यास करावाच लागत नाही.

तर लोर्का. संघ गटात पहिल्या चारांत आला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे वर जाण्यासाठीच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला. सोळा क्लब, घरी-दारी अशा दोन फेऱ्या. निर्णायक फेरीत गाठ कोणाशी पडली, तर इरुनच्या रेआल उनिओनशी, म्हणजे आजोबांच्या क्लबशी. परतीचा सामना इरुनमध्येच झाला आणि लोर्का वर गेला. पुढच्याच हंगामात, 2005-06 मध्ये, हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये 5वा आला. तेव्हा त्या डिव्हिजनमध्ये प्लेऑफ नव्हता, पहिले तीन सरळ ला लिगात जायचे. आजचा नियम असता तर लोर्काला ला लिगाची संधी मिळाली असती. (क्लब पुढे घसरत गेला आणि 2012 मध्ये बंदच पडला. स्पेनमध्ये या पातळीवर हेही नेहमीचंच.)

बाकीचं तुम्हाला माहीतच असेल. अल्मेरियाला पहिल्याच वर्षी ला लिगात नेलं, दुसऱ्या वर्षी तिथे 8वं आणलं. व्हॅलेन्सियाने 2010 मध्ये व्हिया आणि सिल्व्हा हे आपले स्टार विकले, 2011 मध्ये माता विकला, तरी सलग तीन वर्षं तिसरा नंबर. सेव्हियाबरोबर 2014, 2015, 2016 असे तीन युरोपा लीग चषक, आणि चौथा 2021 मध्ये व्हिलारेयालबरोबर, मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर 11-10 हरवून.

‘स्टार ऐकतात का?’ ऐकतात, पण कोचला काहीतरी नेमकं सांगता आलं पाहिजे. एमेरी नंतर गेला त्या इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाचा गोलकीपर एमी मार्तिनेस हा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस. एमेरीच्या संघात तो पाय चेंडूवर ठेवून नुसता उभा राहतो. समोरचा फॉरवर्ड कंटाळून अंगावर आला, की त्याने सोडलेल्या जागेत पास. डिफेन्सची लाइनही तशीच: समोरच्या चेंडूवाल्यावर दबाव असेल तर चौघांनी पुढे सरकायचं, त्याला मान वर करून बघायला वेळ मिळाला तर त्याच क्षणी मागे. एकजण जरी अर्धा सेकंद उशिरा सरकला तरी ऑफसाइडचा सापळा उघडा पडतो. हे सांगणाऱ्याच्या कपाटात किती पदकं आहेत हे मैदानावरचा डिफेंडर विचारत नाही. सांगितलेलं शनिवारी खरं ठरतं का, एवढंच तो बघतो.

एमेरीचा व्हिडिओचा सोस मात्र अति होता हे कबूल. व्हॅलेन्सियात त्याचा खेळाडू होआकिनने मस्करी केली होती की याचे व्हिडिओ बघता बघता आपले पॉपकॉर्न संपले. असंही सांगतात, की एका खेळाडूला त्याने मुद्दाम कोरा पेनड्राइव्ह दिला आणि नंतर विचारलं, कसा वाटला व्हिडिओ? खेळाडू म्हणाला, छान होता.

एमेरी अपवाद आहे म्हणाल, तर दुसरा स्पॅनिश कोच राफा बेनितेस घ्या. कास्तिया (रेआल माद्रिदचा राखीव संघ), पार्ला, लिनारेस इथे खेळला, ला लिगात एकही सामना नाही, 2005 मध्ये लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग. तिसरा स्पॅनिश कोच मेंदिलिबार तर आयुष्यभर खालच्याच क्लबांत खेळला. 2023 मध्ये सेव्हियाबरोबर युरोपा लीग जिंकला आणि पुढच्या वर्षी ऑलिंपियाकोसला कॉन्फरन्स लीग मिळवून दिली, कुठल्याही ग्रीक क्लबचा पहिला युरोपीय चषक.

आता ‘कसा होतो’ याचा कागदोपत्री भाग, थोडक्यात. युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, हिच्या लायसन्सच्या मुख्य तीन पायऱ्या: बी, ए आणि प्रो. युएफाने ठरवलेले किमान तास अनुक्रमे 120, 180 आणि 360, मध्ये प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव. स्पेनमध्ये सरकारमान्य मार्गाने गेलात तर खालच्या पदविकेला दहावीच्या तोडीचं शिक्षण लागतं आणि वरच्या पदविकेला बारावीच्या तोडीचं. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले खेळाडू इथेच अडकतात. शहाणे लोक पहिल्या दोन पायऱ्या खेळत असतानाच उरकतात, कारण डिसेंबरातली रिकामी खुर्ची आधी कळवून येत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एमेरी निखळ तिसऱ्या डिव्हिजनचा खेळाडू नव्हता, बहुतेक कारकीर्द दुसऱ्या डिव्हिजनमधली. आणि स्टार नेहमी ऐकतात असंही नाही. एमेरी पॅरिसच्या पीएसजीचा कोच असताना 2017 साली नेमार आणि कावानी भर मैदानात पेनल्टी कोण मारणार यावरून भांडले. तो ठराव ड्रेसिंग रूममध्ये आधीच करून ठेवायचा असतो, हे मान्य. आर्सेनलनेही त्याला दीड वर्षात घरी पाठवलं.

तरी गोव्यातल्या मंडळींना विचारतो: एफसी गोवाचा कोच म्हणून स्पेनच्या मानोलो मार्केसचं नाव आलं तेव्हा ‘हा कोण?’ म्हणून नाकं मुरडली ना? ला लिगात खेळाडू म्हणून नाही, कोच म्हणून आयुष्य बदालोनासारख्या क्लबांत, लास पाल्मासचं मोठं पद तर हंगामाच्या सुरुवातीलाच सोडलेलं. त्याच माणसाने 2022 मध्ये आपल्याच फातोर्ड्यावर हैदराबादला इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकून दिली आणि 2025 मध्ये एफसी गोवाला सुपर कप. भारतीय संघाबरोबर तो सपशेल अपयशी ठरला, आठ सामन्यांत मालदीवविरुद्धचा एकच विजय, हेही खरं. पण राष्ट्रीय संघ महिनोन्‌महिने भेटत नाही, भेटला तर चार दिवस. रोज सकाळी मैदानावर लाइन सरकवून घेणाऱ्या कोचला ते काम देणं हाच मुळात चुकीचा निर्णय होता, आणि तोही एफसी गोवाची नोकरी चालू असताना. तो कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळला होता याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.