मेलिंग लिस्टवर एका मेंबरचा ऑटो-रिप्लाय सारखा येतोय, त्याला काढून टाकू का?

काढू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका.

तुम्ही लिहिलंय की तो सुट्टीवर आहे, फोन उचलत नाही, लिस्टवर कुणी काही लिहिलं की मागोमाग त्याचं 'मी रजेवर आहे' येऊन पडतं आणि बाकीचे वैतागलेत. वैतागणारच. पण मला हे वाचून गप्प बसवेना, कारण काही वर्षांपूर्वी एका लिस्टवर हा रजेवरचा माणूस मी होतो.

दहा दिवस बाहेर जायचं होतं. सर्व्हरवर 'व्हेकेशन' हा रजेवर असताना आपोआप उत्तर देणारा युनिक्सचा जुना प्रोग्रॅम आयता होता, पण आपल्याला जरा येतं ना, मग कशाला दुसऱ्याचं वापरायचं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री सात ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. मेल आला की उत्तर टाक, खाली मूळ मेल जोड, संपलं. कुणाला आधी उत्तर दिलंय का वगैरे भानगडच नाही. दुसऱ्या अकाउंटवरून एक मेल टाकून बघितला, उत्तर आलं, खूश होऊन बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी लिस्टवर कुणीतरी एक साधा प्रश्न विचारला. स्क्रिप्टनं इमानदारीत त्याला उत्तर दिलं, पण लिस्टच्या ॲडमिननी रिप्लाय-टू, म्हणजे उत्तर कुठे जावं ते सांगणारं सेटिंग, लिस्टकडेच लावून ठेवलेलं, त्यामुळे उत्तर गेलं लिस्टवर, लिस्टनं ते सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, स्क्रिप्टच्या दृष्टीनं तो नवा मेल, की परत उत्तर, की परत वाटप. लिस्ट मेलमॅन २ वर होती, लिस्ट चालवायचं ते जुनं सॉफ्टवेअर. मेलमॅन आपल्या प्रत्येक मेलवर एक्स-बीनदेअर नावाचं हेडर, म्हणजे मेलच्या डोक्यावरची एक तांत्रिक ओळ, चिकटवतं, तोच मेल फिरून आला तर ओळखता यावा म्हणून. पण माझी स्क्रिप्ट प्रत्येक वेळी कोरा मेल बनवत होती, त्यावर ती खूण येणार कुठून.

त्यातला शेवटचा मेल मी नंतर बघितला. वर 'मी २६ तारखेला परत येईन', खाली लिस्टचा फुटर, त्याखाली तेच वाक्य एका > सकट, मग दोन, मग तीन, आणि खाली जावं तसा नुसता >>>>>>> चा पट्टा, अक्षरं कुठल्याकुठे ढकललेली. हे थांबलं तेही कुणी थांबवलं म्हणून नाही. जोडत जोडत मेल इतका फुगला की मेलमॅनची ४० केबीची डिफॉल्ट मर्यादा ओलांडली आणि तो मॉडरेशनमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या मंजुरीसाठी, अडकला. तोवर ५३ मेल झालेले, मेंबर तीनशेच्या आसपास, गुणाकार तुम्हीच करा.

परत आलो तर मी लिस्टवर नाही. नुसतं काढलेलं नाही, पत्ता बॅनच्या यादीत, वर सगळ्यांसमोर एक खोचक मेल की ज्यांना मेल वापरता येत नाही त्यांनी तो वापरू नये. नऊ वर्षं त्या लिस्टवर लोकांचे प्रश्न सोडवत होतो हो! मी ॲडमिनना लांबलचक लिहिलं, की तुमचं रिप्लाय-टू ज्यानं पोस्ट केलं त्याच्याकडे असतं तर एका माणसाला एक मेल गेला असता आणि विषय तिथेच मिटला असता. त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'तसं केलं तर लोक लिस्टवर उत्तरच देत नाहीत.' अहो, रिप्लाय-ऑल कशासाठी दिलंय मग? आणि कुणाचं खाजगी उत्तर चुकून तीनशे जणांना गेलं की तोंड लपवायची वेळ कुणावर येते, ॲडमिनवर?

असो. तुमचं काम, तुमचीही लिस्ट मेलमॅन २ वर आहे असं धरून. मेंबरांच्या यादीत त्याच्या नावासमोर 'नोमेल' टिक करा. त्याला मेल गेलाच नाही तर तो उत्तर कशाला देईल? सबस्क्रिप्शन शाबूत राहतं, परत आला की टिक काढायची. सोबत 'मॉड'ही टिक करा, म्हणजे वाटेत असलेले त्याचे मेल तुमच्याकडे अडकतील. यादीत त्याचा पत्ता सापडत नसेल तर तो दुसऱ्या पत्त्यावरून फॉरवर्ड करून घेत असणार, त्याच्या ऑटो-रिप्लायखाली मूळ मेल जोडलेला असेल तर आधी तिथे बघा, मूळ पत्ता सापडू शकतो.

आता एक कबुली. त्या ॲडमिनच्या विरोधात पुरावे गोळा करायला मी आरएफसी ३८३४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारी कागदपत्रं) काढून बसलो, ऑटो-रिप्लाय कसे असावेत यावरची, २००४ सालची. त्यात निघालं भलतंच. स्वयंचलित उत्तर रिटर्न-पाथवर पाठवावं, रिप्लाय-टू वापरू नये. लिस्टच्या मेलचा रिटर्न-पाथ म्हणजे बाउन्सचा, न पोचलेले मेल परत यायचा, पत्ता, म्हणजे माझी स्क्रिप्ट धड असती तर त्यांचं रिप्लाय-टू कुठेही असतं तरी कुणाला कळलंही नसतं. शिवाय लिस्ट-आयडी हेडर दिसलं की गप्प बसायची मुभा, टू किंवा सीसीत आपला पत्ता नसेल तर गप्प बसायचं, एकाच माणसाला रोज रोज उत्तर द्यायचं नाही, सात दिवसांत एकदा पुरे, आणि आपल्या उत्तरावर ऑटो-सबमिटेड या हेडरची, 'हे आपोआप गेलेलं आहे' अशी, खूण लावायची. माझ्या सात ओळींत यातलं एकही नव्हतं. व्हेकेशनमध्ये लिस्टचे मेल सोडून द्यायची आणि आठवडाभर लक्षात ठेवायची सोय आधीपासून होती. हे मी त्या ॲडमिनना अजून कळवलेलं नाही.

त्या खुणेचा तुम्हालाही उपयोग आहे. लिस्टच्या स्पॅम फिल्टरमध्ये नियम टाका, ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड असेल तर टाकून दे. शहाणे रिस्पॉन्डर तिथेच गळतील, माझ्यासारख्यांच्या स्क्रिप्टा नाही गळणार, त्यांना नोमेलच.

आणि रिप्लाय-टू तेवढं 'पोस्टर'वर, म्हणजे मेल टाकणाऱ्याकडे, करा. चूक माझी होती, ते सेटिंग तरीही वाईटच आहे. जनरल ऑप्शन्सच्या पानावर आहे, ॲडमिनमध्ये शिरलात की पहिलं तेच पान उघडतं.