शब्द पाठ होतात पण राहत नाहीत, अशी तक्रार घेऊन आलेला मुलगा

"ताई, मी मराठी मीडियमचा. रोज वीस शब्द पाठ करतो आणि तिसऱ्या दिवशी कोरा. माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता वाटलं एक अनुभव सविस्तर लिहावाच. मुलाची ओळख पटेल असं सगळं बदललंय, बाकी घडलं ते तसंच.

वय २३, डिप्लोमा झालेला, तालुक्याच्या गावातून पुण्यात आलेला, मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काउंटरला कामाला. एका सर्व्हिस सेंटरच्या इंटरव्ह्यूला गेला, स्वतःची ओळख घडाघडा म्हणून दाखवली कारण ती पाठ होती, आणि पुढचा साधा प्रश्न आला तसा घसा बंद. दोन मिनिटं खाली मान घालून बसला आणि थँक्यू म्हणून बाहेर आला. तेव्हापासून झोप नाही.

पहिल्याच भेटीत त्याने वही आणली होती. दोनशे पानी, आणि इंग्रजी शब्द एबीसीडीच्या क्रमाने, अबॅंडन म्हणजे सोडून देणे, अबेट म्हणजे कमी होणे, अबॉलिश म्हणजे रद्द करणे. सुरुवातीची पंचवीसेक पानं हात लागून लागून मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले, सी पर्यंत कसंबसं गेलेलं आणि पुढं सगळी वही कोरी. तीनदा पहिल्यापासून सुरू केलं म्हणाला. मला ती वही बघून खरंच वाईट वाटलं, कारण कष्टात कुठंच कमी नव्हती. एकसारखे दिसणारे शब्द एका दिवशी एकाखाली एक पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात, हे कुणाचंही होतं, तुमचं माझं सगळ्यांचं, त्यात डोकं कमी असण्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या भेटीत मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, रात्री मोबाईलवर काय बघतोस? आधी सांगेना. मग हळूच म्हणाला, फोल्डवाल्या फोनचे व्हिडिओ. घरचे ओरडतात, पगार चौदा हजार आणि बघतो दीड लाखाचे फोन. मी म्हटलं मला त्यातलं काही कळत नाही, समजावून सांग. त्याने माझ्या टेबलावरचं जाड पुठ्ठ्याचं कॅलेंडरचं पान घेतलं, मधोमध वाकवलं आणि जो बोलायला लागला तो वीस मिनिटं थांबला नाही. काच वाकत नाही म्हणून २०१९ च्या सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डला प्लास्टिकची स्क्रीन होती, वरचा थर स्क्रीनगार्डसारखा दिसायचा म्हणून काही रिव्ह्यू करणाऱ्यांनी तो सोलून काढला आणि स्क्रीनच गेली, एप्रिलचं लाँचिंग पुढं ढकलून सप्टेंबरला आणावं लागलं, मग २०२० च्या त्यांच्याच फ्लिप फोनमध्ये केसापेक्षा पातळ काच आली, पण तिच्यावरही प्लास्टिकचा थर ठेवावाच लागला. फोन बंद केल्यावर बिजागरीपाशी फट राहायची ती सॅमसंगने २०२३ ला घालवली, पण मधली घडी अजून हाताला लागते.

तो बोलत होता आणि मी कागदावर लिहीत होते. हिंज, क्रीज, लेयर, पील, फ्लेक्सिबल, डेलिकेट, प्रोटेक्टिव्ह, ड्युरेबल, पोस्टपोन, गॅप, असे तीसेक शब्द, सगळे योग्य जागी वापरलेले. कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे इंग्रजी थोडीच आहे ताई, हे तर मोबाईलचं आहे."

मला वाटतं सगळी गोष्ट या एका वाक्यात होती. सहावीत धडा वाचताना स्कूलला इस्कूल म्हटला म्हणून सगळा वर्ग हसला होता, शिकवणारेही हसले होते, आणि तेव्हापासून ज्याला इंग्रजी म्हणायचं ते त्याच्यासाठी भीतीचंच होतं. जे भीतीशिवाय आलं ते त्याने इंग्रजीत मोजलंच नाही. इंटरव्ह्यूत विसरला नव्हता तो, घाबरला होता, आणि घाबरलं की येत असलेलंही तोंडात येत नाही. त्यामुळे आम्ही दोन कामं बरोबरच केली, भीतीवर श्वासाचा आणि थोडं थोडं बोलण्याचा सराव आणि शब्दांसाठी त्याचेच व्हिडिओ.

पद्धत साधी होती. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ, पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा सबटायटल लावून, लागलं तर स्पीड पाऊण करून, आणि फक्त पाच शब्द घ्यायचे, तेही अर्थासकट नाही तर अख्ख्या वाक्यासकट. तिसऱ्यांदा मोबाईल बंद करून एक मिनिट स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं. स्टीफन क्रॅशेन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने एकाच विषयावरचं भरपूर ऐका असं सांगितलंय, आणि ते इथं फार कामी येतं कारण प्रत्येक रिव्ह्यूमध्ये तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, उजळणी वेगळी करावी लागत नाही.

गंमत म्हणजे क्रीज त्याला दोनदा आधीच माहीत होता, क्रिकेटची क्रीज आणि इस्त्रीच्या पँटची क्रीज, पण तिन्हीकडे शब्द एकच हे त्या दिवशी कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. हिंज म्हणजे बिजागरी, मग बातम्यांमध्ये हिंजेस ऑन ऐकलं आणि स्वतःच म्हणाला, म्हणजे दार जसं बिजागरीवर तसं सगळं त्याच्यावर अवलंबून. अनफोल्डचंही तसंच, फोन उघडतो तशी घटना उलगडते. नामं पटकन आली, क्रियापदांना वेळ लागला. विथस्टँड म्हणजे तग धरणे आणि प्रोन टू म्हणजे एखादी गोष्ट सहज होण्यासारखी असणे, हे दोन बसायला तीन आठवडे गेले.

सगळं सुरळीत झालं नाही. एका आठवड्यात तो सहा तास व्हिडिओ बघून आला आणि वहीत एक ओळ नाही, शिवाय तो फोन हप्त्यावर किती पडेल याचीही चौकशी करून आलेला. रागावले नाही पण स्पष्ट सांगितलं की नुसतं बघणं ही करमणूक आहे, ती कर, पण तिला अभ्यास म्हणू नकोस. हप्त्याचा हिशोब आम्ही पगारासमोर मांडला, तो त्यानेच खोडला. आणि हेही सांगते की फोनच्या व्हिडिओतून रजेचा अर्ज लिहिता येत नाही, ते वेगळं शिकावं लागलं, त्याची अजून बोंब आहे. आपोआप येणारी सबटायटल चुकतात. आणि रिव्ह्यूवाल्यांचं इन्सेन, गेमचेंजर वगैरे इंटरव्ह्यूत वापरू नकोस हेही बजावलं.

अडीच महिन्यांनी एक दिवस दुकानातून फोन आला, मध्येच, आवाज चढलेला. एक दक्षिणेकडचे साहेब आले होते, मराठी हिंदी दोन्ही येत नव्हतं, फ्लिप फोनचा वरचा थर घडीपाशी सुटायला लागलेला आणि ते नखाने काढायला बघत होते. हा म्हणाला, "सर, प्लीज डोन्ट पील इट. धिस लेयर इज प्रोटेक्टिव्ह. द ग्लास बिलो इज व्हेरी डेलिकेट." साहेब थांबले, फोन खाली ठेवला आणि पुढचं विचारायला लागले, आणि हा उत्तरं देत राहिला. मला सांगताना दोनदा म्हणाला, ताई, ते हसले नाहीत.

आता पुढच्या महिन्यात दुसरा इंटरव्ह्यू आहे. वही तीच आहे, फक्त त्याने ती उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलीये. परवा विचारलं, तिथं मध्येच शब्द अडला तर काय करशील? टेबलावरचं तेच कॅलेंडरचं पान उचललं, मधोमध वाकवलं आणि म्हणाला, "वन मिनिट सर, आय विल शो यू."