'ब्लाइंड्स चॉप करणे': वाटणी की परतफेड?

पोकरच्या टेबलावर 'चॉप द ब्लाइंड्स' असा प्रयोग ऐकू येतो. त्याला मराठीत 'ब्लाइंड्स कापणे' म्हणावे की 'ब्लाइंड्स वाटून घेणे', आणि समोरच्याला तसे विचारण्याची रीत कोणती, असा हा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही पर्याय टाळावेत. लिहिताना 'ब्लाइंड परत घेणे' असे म्हणावे आणि बोलताना 'चॉप करणे' हे क्रियापद खुशाल वापरावे.

होल्डेम या पोकरच्या प्रकारात पत्ते वाटण्यापूर्वीच डीलर-बटणाच्या (दर डावाला पुढे सरकणाऱ्या खुणेच्या चकतीच्या) डावीकडील दोघांना सक्तीची रक्कम ठेवावी लागते. पहिल्याची रक्कम ती स्मॉल ब्लाइंड आणि दुसऱ्याची, बहुधा तिच्या दुप्पट, ती बिग ब्लाइंड. (तीन पत्तीत पत्ते न पाहता खेळणाऱ्याला ब्लाइंड म्हणतात, इथे तो शब्द रकमेला लागतो आणि रक्कम ठेवल्यावर पत्ते पाहण्यास कोणतीही आडकाठी नसते.) बाकी सर्वांनी पत्ते टाकले आणि हे दोघेच उरले, तर कॅश गेममध्ये, म्हणजे टूर्नामेंट नसलेल्या, थेट पैशांच्या खेळात, परस्परसंमतीने प्रत्येकाने आपापली रक्कम उचलायची, पत्ते डीलरकडे सरकवायचे आणि डाव न खेळताच संपवायचा, याला चॉप म्हणतात.

आता शब्दांकडे. पत्त्यांच्या खेळात 'कापणे' हे क्रियापद आधीच गुंतलेले आहे, कारण आपण पिसलेला जोड कापतो आणि हुकमाने दुसऱ्याचे पान कापतो. तिसरा अर्थ त्यावर लादला तर वाचकाचा गोंधळ ठरलेलाच. 'वाटून घेणे' वरवर बरे वाटते, पण हिशेबात टिकत नाही. स्मॉल ब्लाइंड 1 आणि बिग ब्लाइंड 2 असेल, तर समान वाटणीत प्रत्येकाला दीड मिळायला हवे. प्रत्यक्षात मात्र एकजण 1 आणि दुसरा 2 उचलतो. दोघांची पाने बरोबरीची ठरतात तेव्हा पॉटची, म्हणजे मधे जमलेल्या रकमेची, खरी वाटणी होते, तिलाही इंग्रजीत चॉपच म्हणतात, आणि तिथे विषम चिप उरली तर होल्डेममध्ये ती सहसा बटणाच्या डावीकडून पहिल्या येणाऱ्या विजेत्याला देतात. ब्लाइंड परत घेताना असा प्रश्न उद्भवूच शकत नाही, म्हणून ही वाटणी नव्हे.

शिष्टाचाराचा भाग मराठीच्या क्रियारूपांतून फार छान उलगडतो. 'चॉप करायचे का?' हा प्रश्न समोर असलेल्या एका डावापुरता आहे, तर 'तुम्ही चॉप करता का?' हा रीतीविषयीचा प्रश्न आहे. टेबलावर बसल्यावर, हाती पत्ते येण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना दुसरा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर 'हो, नेहमी करतो' किंवा 'नाही, मी खेळतो' यांपैकी काहीही असू शकते. नकार देण्यात अजिबात असभ्यपणा नाही आणि त्यासाठी कुणी कुणावर दबाव आणू नये. असभ्यपणा आहे तो 'बघतो, पत्ते कसे येतात ते' या वृत्तीत. दोन एक्के सरासरी 221 डावांतून एकदा हाती येतात. जो एरवी परत घेतो आणि नेमका तेव्हाच खेळायला बसतो, त्याचा पुढचा शब्द शेजारी सहसा मानत नाहीत. माझ्या दृष्टीने तर हाती एक्के असतानाही निमूटपणे चॉप करणाऱ्याचेच 'करतो' हे खरे रीतिवाचक वर्तमान!

याच सातत्यामागे डावपेचाचेही कारण आहे. तुम्ही स्मॉल ब्लाइंड असता तेव्हा समोर डावीकडचा शेजारी असतो आणि बिग ब्लाइंड असता तेव्हा उजवीकडचा. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामाईक पाने उघडल्यानंतर, प्रत्येक फेरीत स्मॉल ब्लाइंडला आधी निर्णय घ्यावा लागतो, म्हणजे माहितीचा लाभ बिग ब्लाइंडला मिळतो. डावीकडच्याशी चॉप करायचे आणि उजवीकडच्याशी मात्र खेळायचे, असे धोरण ठेवणारा स्वतःला कायम सोयीची जागा राखून घेतो. त्यामुळे एक तर दोघांशीही चॉप करावे, नाही तर दोघांशीही खेळावे.

चॉप करण्यात लाभ कोणाचा, हे बव्हंशी रेकवर, म्हणजे पॉटमधून कार्डरूम उचलते त्या रकमेवर, अवलंबून असते. अनेक ठिकाणी फ्लॉप उघडला नाही तर रेक घेत नाहीत, म्हणून परत घेतलेल्या ब्लाइंडमधून काहीही जात नाही. उलट वरच्याच उदाहरणात दोघांनी 2-2 ठेवून फ्लॉप पाहिला आणि रेक 1 गेला, तर पॉटचा चौथा हिस्सा खेळ रंगण्याआधीच कमी होतो. एवढी तूट भरून काढण्याइतके कौशल्याचे अंतर लहान रकमेच्या टेबलावर क्वचितच असते. जिथे पॉटऐवजी वेळेनुसार शुल्क घेतात, तिथे हा युक्तिवाद लागू होत नाही, आणि दोघांच्या खेळात खरोखर निपुण असलेल्याने तिथे नम्रपणे 'मी खेळतो' म्हणणे शहाणपणाचे ठरते.

टेबलावर मोजकेच खेळाडू उरले असतील तर असे प्रसंग वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी चॉप केले तर खेळच उरत नाही, त्यामुळे अशा वेळी ही प्रथा सहसा थांबवतात. एखाद्याने कॉल केला (बिग ब्लाइंडइतकी रक्कम भरली) असेल किंवा स्ट्रॅडल (पत्ते येण्यापूर्वी स्वेच्छेने ठेवलेली जादा रक्कम) ठेवला असेल, तर दोघेच उरत नाहीत आणि प्रश्न आपोआप मिटतो. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड चॉप करण्यास परवानगी नसते, कारण वाढते ब्लाइंड चिप्सना फिरत ठेवतात आणि आपसांत ठरवून ते परत घेणे इतर स्पर्धकांवर अन्याय ठरते. तिथे 'चॉप' हा शब्द ऐकू आलाच तर तो बहुधा शेवटच्या काही खेळाडूंनी उरलेले बक्षीस आपसांत ठरवून घेण्याविषयी असतो, आणि त्याला मात्र 'बक्षिसाची वाटणी' म्हणणेच योग्य.