बाइंडिंगला नाव देताना
पहिलंच बाइंडिंग, म्हणजे दुसऱ्या भाषेतली (बहुधा सी) लायब्ररी आपल्या भाषेतून वापरता यावी म्हणून लिहिलेला जोडकोड, लिहितोयस ना, मग आधी नावाचं बघ. आतला कोड कधीही बदलता येतो. लोकांच्या फायलींत जाऊन बसलेली इम्पोर्टची ओळ बदलायची म्हणजे डोक्याला ताप.

पर्लमध्ये लिहिणार असशील तर लायब्ररीच्या नावाने थेट वरच्या पातळीवर बस्तान मांडू नकोस. तिथे आधी विषय, मग लायब्ररी: 'एक्सएमएल::लिबएक्सएमएल' बघ. शोधणाऱ्याला एक्सएमएल हवं असतं, तुझी सी लायब्ररी त्याच्या गावीही नसते.

रस्टवाल्यांची पद्धत मला जास्त पटते. 'लिबगिट२' या सी लायब्ररीची कच्ची फंक्शन्स 'लिबगिट२-सिस'मध्ये, वापरायला सुरक्षित असा थर 'गिट२'मध्ये.

पायथॉनमध्ये मात्र जपून. पायपीआयवरचं (पायथॉनच्या पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) नाव एक आणि इम्पोर्टचं दुसरंच, असं चालतं. पायपीआय फक्त पहिल्याची टक्कर अडवतं. पायक्रिप्टो आणि पायक्रिप्टोडोम ही दोन वेगळी पॅकेजं, पण दोन्ही 'क्रिप्टो' याच नावाने इम्पोर्ट होतात. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन्ही टाकलीस की एकमेकांच्या फायलींवर पाय पडलाच! म्हणून तर पायक्रिप्टोडोमएक्सही आहे, ते 'क्रिप्टोडोम' नावाने येतं. तेव्हा शक्यतो दोन्हीकडे एकच नाव ठेव, आणि 'युटिल्स'सारखं मोघम तर अजिबात नको.