चिनी भाषेची पहिली परीक्षा: सांगलीत राहून तयारी कशी करावी?

प्रश्न: मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमची काही यंत्रे चीनमधून आलेली असल्यामुळे तिकडच्या तंत्रज्ञांशी वरचेवर बोलावे लागते, म्हणून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी देण्याचा विचार आहे. सांगलीत शिकवणारे कोणी मिळाले नाही. प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरांसोबत पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेला त्यांचा उच्चारही छापलेला असतो, असे कळले. मग अक्षरे शिकण्यात वेळ घालवावा का? की थेट दुसरी पातळीच द्यावी? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर: अक्षरे पहिल्या दिवसापासून शिकावीत. पहिल्या दोन पातळ्यांना पिनयिनचा आधार मिळतो हे खरे आहे, परंतु तिसऱ्या पातळीत तो काढून घेतलेला असतो आणि लेखनाचा विभागही सुरू होतो. शिवाय यंत्रावरच्या पाटीवर किंवा तंत्रज्ञाने पाठवलेल्या संदेशात पिनयिन कधीच नसते. रोज चार-पाच अक्षरे रेघांच्या ठरलेल्या क्रमाने वहीत गिरवली, तरी सुरुवातीला पुरे.

त्याआधी मात्र उच्चार पक्के करावेत, आणि इथे मराठी माणसाला मोठा लाभ आहे, जो इंग्रजीच्या सवयीमुळे आपण गमावून बसतो. पिनयिनमधील रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचू नयेत. 'बी'ने लिहिलेला ध्वनी आपल्या 'प'च्या जवळ आहे, तर 'पी'ने लिहिलेला 'फळ'मधल्या 'फ'च्या. त्याचप्रमाणे 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क' आणि 'के' म्हणजे 'ख', असे ढोबळमानाने धरावे. म्हणूनच आपण ज्याला बीजिंग म्हणतो, त्या शहराचा चिनी उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो. 'जे' हा 'चिमणी'तला च आणि 'झेड' हा 'चमचा'तला च. हा फरक आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीचा असतो. सुरुवातीचे काही आठवडे शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्यास माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक शब्दावर सुराची खूण हवीच.

खरी कसोटी सुरांची आहे. प्रमाण चिनी भाषेत चार सूर आणि एक हलका, बिनसुराचा उच्चार असतो. 'माइ' हा शब्द तिसऱ्या, म्हणजे खालच्या सुरात म्हटला तर विकत घेणे आणि चौथ्या, म्हणजे झटक्याने उतरणाऱ्या सुरात म्हटला तर विकणे, असा अर्थ होतो. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवण्याची आपली सवय शेवटच्या शब्दाचा सूर बिघडवते. चिनी प्रश्नाच्या शेवटी आपल्या 'का'सारखा 'मा' येतो. प्रश्न त्यानेच कळतो, त्यामुळे त्याच्या आधीच्या शब्दाचा सूर जसा आहे तसाच ठेवावा. या परीक्षेत बोलण्याचा भाग नाही (त्यासाठी एचएसकेके ही वेगळी परीक्षा आहे), तरीही जो सूर आपल्या तोंडात बसलेला नाही, तो कानाला ओळखू येणे कठीण जाते.

2010 पासूनच्या रचनेत पहिल्या पातळीला 150 आणि दुसऱ्या पातळीला 300 शब्द लागतात. पहिल्या पातळीत ऐकण्याचे 20 आणि वाचनाचे 20 प्रश्न असतात, परीक्षा सुमारे 40 मिनिटांत आटोपते आणि 200 पैकी 120 गुण मिळाले की उत्तीर्ण. ऐकण्याच्या विभागातील प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकवला जातो. सराव करताना पहिल्यांदा ऐकण्यापूर्वीच चित्रे किंवा पर्याय पाहून ठेवावेत आणि दुसऱ्यांदा ऐकताना केवळ खात्री करून घ्यावी. शब्द सुटला म्हणून त्यावरच अडून बसल्यास पुढचा प्रश्नही निसटतो. 2021 मध्ये तीन टप्पे आणि नऊ पातळ्यांचे नवे मानक जाहीर झाले, त्यात पहिल्याच पातळीला 500 शब्द आहेत. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी, आपण देणार असलेली परीक्षा कोणत्या अभ्यासक्रमानुसार आहे आणि जवळचे केंद्र कोणते, हे अधिकृत संकेतस्थळावर तपासावे. नमुना प्रश्नपत्रिकाही तिथे मिळतात.

थेट दुसरी पातळी देता येते. आधी पहिली उत्तीर्ण असण्याची अट नाही. आपले काम पाहता मी तीच सुचवेन. पहिल्या पातळीच्या शब्दांत कारखान्यातला संवाद चालणार नाही, आणि चिनी माणसांशी बोलण्याची संधी आपल्याला कामातच मिळते आहे, जी सांगलीतील इतर विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. पुढच्या वेळी फोन आला की ओळख आणि वेळ ठरवणे तरी चिनीतून करून पाहावे.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. तिनेही हीच परीक्षा द्यावी का? (एक पालक, तासगाव)

उत्तर: शालेय मुलांसाठी वायसीटी ही चार पातळ्यांची स्वतंत्र परीक्षा आहे आणि तिच्या पहिल्या पातळीला 80 शब्द पुरतात. मुलीला गोडी असेल तर तिथून सुरुवात करावी. शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांत मात्र हिची तारीख घेऊ नये.